भूपेन खख्खर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्ररसग्रहणाच्या वर्गात भूपेन खख्खरांचा तास झाला की पुढचा आठवडाभर प्रश्न येत राहतात. काही वर्गात सगळ्यांसमोर विचारले जातात, काही रात्री उशिरा फोनवर निरोप म्हणून येतात. दोन्ही प्रकारचे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भूपेन खख्खर कोण, हे थोडक्यात सांगाल का?

जन्म १० मार्च १९३४, मुंबई. मृत्यू ८ ऑगस्ट २००३, बडोदा. शिक्षणानं सीए, पोटापाण्यासाठी हिशेबनीस, आणि चित्रकलेची पदवी न घेता झालेले चित्रकार. १९७० च्या दशकात त्यांनी शिंपी, न्हावी, घड्याळजी, कारकून अशी माणसं रंगवली. १९८१ पासून पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम उघडपणे रंगवलं. आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगून त्याची चित्रं करणारे ते भारतातल्या पहिल्या मोठ्या चित्रकारांपैकी एक. १९८४ मध्ये पद्मश्री, २००० मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार. १९९२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता.

२. आडनाव नेमकं कसं लिहायचं? आणि ते मराठी होते का?

गुजरातीत 'खख्खर' असं लिहितात, तेच मराठीत ठेवावं. इंग्रजी स्पेलिंगवरून काही जण 'खाखर' करतात, ते टाळलेलं बरं.

घर गुजराती, मूळ घराणं दीवकडचं. पण बालपण गिरगावातल्या खेतवाडीत गेलं आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ते मुंबईकरच होते. खेतवाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यांच्या चित्रांतली दाटी ओळखीची वाटेल: एका चौकटीत चार घरं, प्रत्येक खिडकीत वेगळा संसार, आणि समोरच्याचं काय चाललंय ते प्रत्येकाला दिसतंय. पुढे ते गेले तेही बडोद्याला, म्हणजे सयाजीरावांच्या गावी. तिथल्या ललित कला विभागाचे अधिष्ठाता तेव्हा चित्रकार ना. श्री. बेंद्रे होते. मराठी माणसाला परका वाटावा असा हा चित्रकार नाहीच.

३. सीए झालेला माणूस चित्रकलेकडे वळला कसा?

वडील लहानपणीच गेले. भूपेन चौघा भावंडांत धाकटे, आणि आईच्या सगळ्या आशा त्यांच्यावर. अर्थशास्त्र घेऊन बीए, मग घरच्यांच्या आग्रहानं बीकॉम, मग सीए. अशा घरात सीए होणं म्हणजे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकण्याची गोष्ट. मधल्या काळात जे. जे. स्कूलच्या संध्याकाळच्या वर्गांना ते जात. १९५८ मध्ये त्यांची चित्रकार-कवी गुलाममोहम्मद शेख यांच्याशी ओळख झाली आणि शेख यांनी त्यांना बडोद्याकडे ओढलं. १९६२ मध्ये ते तिथे गेले आणि कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात दाखल झाले, चित्रकलेच्या नव्हे.

हिशेबाचं काम त्यांनी लगेच सोडलं नाही. बडोद्यात कितीतरी वर्षं ते अर्धवेळ हिशेबनिसाची नोकरी करत होते. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. चित्र विकलं गेलंच पाहिजे अशी निकड नसल्यामुळे त्यांना हवं ते रंगवता आलं. आणि कचेरीत रोज भेटणारी माणसंच त्यांचा विषय झाली. १९७२ च्या एका चित्राचं नावच 'असिस्टंट अकाउंटंट मिस्टर आय. एम. पटेल' असं आहे.

४. 'आकृतिप्रधान' चित्रकला म्हणजे काय? माणसं तर सगळेच काढतात ना?

माणसाची आकृती केंद्रस्थानी ठेवणारी चित्रकला. आणि त्या काळात माणसं सगळेच काढत नव्हते. साठच्या दशकात अमूर्त चित्रकलेचा दबदबा होता. मुंबईत गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार माणसाची आकृती पूर्ण बाजूला ठेवून रंग, पोत आणि प्रकाश एवढ्यावर असामान्य काम करत होते. अशा वेळी 'मला माणसाची गोष्ट सांगायची आहे' असं म्हणणं काहींना मागासलेपणाचं वाटे.

बडोद्याच्या मंडळींनी ते ठासून म्हटलं. शेख आणि खख्खर यांनी १९६९ पासून 'वृश्चिक' नावाचं छोटं नियतकालिक चालवलं, त्यात या चर्चा होत. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत झालं. त्यात खख्खर, शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि आपले सुधीर पटवर्धन असे सहा जण होते. पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत लोकल, पूल आणि कामगार रंगवत होते. एक सीए आणि एक डॉक्टर शेजारी शेजारी भिंतीवर होते, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

५. घड्याळजी, न्हावी, शिंपी यांच्या चित्रांत एवढं विशेष काय आहे?

'जनता वॉच रिपेअरिंग', 'डीलक्स टेलर्स', 'बार्बर्स शॉप' ही चित्रं १९७२ च्या आसपासची. त्याआधी आपल्या आधुनिक चित्रकलेत सामान्य माणूस यायचा तो बहुधा शेतकरी, कोळीण, मजूर म्हणून. त्याच्या दुःखाला किंवा कष्टाला एक भव्यता दिलेली असे. मधला माणूस, म्हणजे चौकातल्या टपरीवजा दुकानात दिवसभर बसणारा, पाटीवर 'डीलक्स' लिहिणारा, महिनाअखेरीला हिशेब जुळवणारा, तो चित्रकारांच्या नजरेतून सुटलेला होता. कदाचित तो फार जवळचा होता म्हणून.

खख्खरांनी त्याला देवाच्या तसबिरीसारखं मधोमध बसवलं. अंगावर चकचकीत, थोडे भडक रंग. मागे नीट मांडलेलं दुकान. पण चेहरा पाहा. तो आपल्याकडे बघत नाही, कुणाकडेच बघत नाही. पुष्कळ वेळ एकट्यानं काढलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातलं 'मॅन विथ बुके ऑफ प्लास्टिक फ्लॉवर्स' मिळालं तर जरूर पाहा. हातात प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ घेऊन एक उतारवयाचा माणूस उभा आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या लहान चौकटींत त्याचं आयुष्य चाललं आहे. फुलं खोटी आहेत आणि माणूस ती अगदी मनापासून धरून आहे.

वर्गात लोक विचारतात, 'या चित्रांत समलिंगी काय आहे?' उघड असं काही नाही. पण साध्या, पोट सुटलेल्या, कुणी वळून न पाहणाऱ्या पुरुषाकडे इतका वेळ, इतक्या मायेनं पाहणारं दुसरं कोण होतं? नंतरची प्रेमाची चित्रं याच नजरेतून आली आहेत. पहिला काळ 'सामाजिक' आणि दुसरा 'लैंगिक' अशी फोड करणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं.

६. हातपाय ताठ, शरीराची मापं चुकलेली. त्यांना रेखाटन येत नव्हतं का?

कला शाळेत शिकवतात तसं शास्त्रशुद्ध रेखाटन त्यांच्या हातात नव्हतं, हे खरं. पण ते पाहून पाहून शिकले होते. कंपनी शैलीतली (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजांसाठी काढलेली) चित्रं, लघुचित्रं, नाथद्वाराच्या पिछवाया (देवाच्या मूर्तीमागे लावायचे रंगवलेले पडदे), इटलीतल्या सिएना शहराचे जुने चित्रकार, फ्रान्सचा आंरी रूसो. रूसोसुद्धा जकात खात्यात नोकरी करून चित्रं काढणारा. या सगळ्यांत आकृती थोडी ताठ असते आणि तिच्याभोवतीची जागा बोलकी असते. फोटो स्टुडिओत पहिल्यांदा उभं राहिलेल्या माणसाचं अंग जसं आवळलेलं असतं, तसा हा ताठपणा आहे. तो काढून टाकला तर तो माणूस दुसराच होईल.

७. त्यांनी देवांची कॅलेंडरं कापून चित्रं केली, हे खरं आहे का?

खरं आहे. १९६५ मध्ये मुंबईत झालेल्या त्यांच्या पहिल्या एकल प्रदर्शनातली चित्रं अशीच होती. देवदेवतांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून, त्यांवर रंग आणि भिंतीवर खरडतात तशी अक्षरं. ही छापील चित्रं आपल्या घरोघरी होती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईतच सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी आपली देवघरं भरली. उच्चभ्रू कलारसिक या चित्रांना हलकं समजत. खख्खरांनी तोच बाजारातला कागद कलादालनात आणला. श्रद्धेच्या प्रश्नाबद्दल पुढे प्रश्न ११ पाहा.

८. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी कधी सांगितलं? इतकी वर्षं का थांबले?

१९७९ मध्ये ते इंग्लंडला राहिले, बाथच्या कला अकादमीत शिकवलं. चित्रकार हॉवर्ड हॉजकिन हे त्यांचे जवळचे स्नेही होते. हॉजकिन स्वतः समलिंगी होते आणि तोवर लपवाछपवीच्या पलीकडे गेले होते. तिथे पुरुष एकमेकांबरोबर उघडपणे घर करून राहतात हे खख्खरांनी डोळ्यांनी पाहिलं. परतल्यावर १९८० मध्ये आई गेल्या. १९८१ मध्ये 'यू कॅन्ट प्लीज ऑल' आलं.

थांबण्याचं कारण या क्रमातच आहे. आईनं एकट्यानं वाढवलेला धाकटा मुलगा होता तो. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

९. 'यू कॅन्ट प्लीज ऑल' या चित्रात नेमकं काय चाललंय?

साधारण पावणेदोन मीटरचा चौरस कॅनव्हास. एका बाजूला गच्चीत एक पुरुष उभा आहे, पूर्ण नग्न, आपल्याकडे पाठ. तो खाली गावाकडे पाहतो आहे. खाली घरं, माणसं, कामधंदा, आणि त्यातून जाणारे बापलेक व त्यांचं गाढव.

ती गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. बाप बसला तर लोक नावं ठेवतात, मुलगा बसला तरी ठेवतात, दोघं बसले तरी आणि दोघं चालले तरी. शेवटी दोघं गाढवालाच खांद्यावर घेतात आणि ते हातचं जातं. खख्खरांनी गोष्टीतले वेगवेगळे प्रसंग एकाच चित्रात, एकाच गावात मांडले आहेत. आपल्या जुन्या पोथ्यांतल्या चित्रांत असतात तसे.

गच्चीतला माणूस म्हणजे चित्रकार स्वतः, असंच बहुतेक सगळे मानतात. मला दरवेळी एक गोष्ट थांबवते. तो नग्न आहे, पण आपण त्याला मागून पाहतो. तो आपल्यासाठी कपडे काढून उभा नाही. गाव त्याच्याकडे पाहत नाही, तो गावाकडे पाहतो आहे. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य ज्यांच्या घरात रोज ऐकू येतं त्यांना हे चित्र समजायला कुठलाही समीक्षक लागत नाही. सध्या ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

१०. 'टू मेन इन बनारस' मध्ये बनारसच का? दुसरं गाव चाललं नसतं का?

१९८२ चं चित्र. एका बाजूला दोन नग्न पुरुष मिठीत, आणि उरलेल्या चित्रात घाट, साधू, पूजा करणारी माणसं, आपापल्या कामात. दोन्हींमध्ये भिंत नाही. प्रणय अंधाऱ्या खोलीत दाखवला असता तर तो लपवण्याची गोष्ट ठरला असता. इथे तो त्या गावाच्या रोजच्या जगण्यातला एक भाग आहे, आणि गाव असं की जिथे देह, मरण आणि मुक्ती एकाच पायरीवर भेटतात. २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात ते २५ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. त्यानंतर 'तेच महागडं चित्र ना?' असं विचारणारे वाढले. किंमत विसरून पाहा, एवढीच विनंती.

११. सखीभाव, ययाति, राम-हनुमान असे विषय घेऊन त्यांनी धर्माची थट्टा केली नाही का?

हा प्रश्न रागानंही येतो आणि खऱ्या काळजीनंही. दोघांनाही उत्तर एकच आहे: नाही.

सखीभाव ही वैष्णव भक्तीतली जुनी वाट आहे. भक्त पुरुष असला तरी कृष्णापुढे तो स्वतःला सखी मानतो. आपल्याला हे नवं नसावं. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी कुणाच्या आवाजात आहेत? एकनाथांच्या गौळणी? पुरुषानं स्त्री होऊन देवाची वाट पाहणं आपण टाळ-मृदंगाच्या गजरात गात आलो आहोत. खख्खर देवळांत, सत्संगात जाणारे, पुराणं चांगली माहीत असलेले गृहस्थ होते. १९९५ च्या 'सखीभाव' मध्ये त्यांनी परंपरेच्या आतली ही जागा ओळखली आणि तिथे स्वतःला उभं केलं.

'ययाति' (१९८७) बद्दल वेगळं सांगायला हवं. मराठी वाचकाला ययाति म्हटलं की खांडेकर आठवतात, आणि भोगाची न संपणारी तहान. खख्खरांच्या चित्रात म्हातारा ययाति आणि त्याच्या अंगावर उतरणारा, पंख असलेला तरुण आहे. तारुण्य देणं ही इथे देहानं देहाला दिलेली भेट होते. मूळ कथेतलं बाप-लेकाचं नातं आठवलं की चित्र अस्वस्थ करतं. ती अस्वस्थता मी वर्गात झाकत नाही. 'राम एम्ब्रेसिंग हनुमान' (१९९८) मात्र मला मिठी म्हणूनच दिसतं, आणि ती मिठी रामायणातच आहे.

१२. प्रेमाच्या चित्रांत सगळे पुरुष म्हातारे, टकले का?

कारण त्यांचं प्रेम अशा माणसांवर होतं. वयानं मोठे, मध्यमवर्गीय, साध्या घरातले. पाश्चात्त्य समलिंगी चित्रकलेत पीळदार तरुण देह वारंवार दिसतो. खख्खरांकडे सैल पडलेली कातडी, पांढरे केस, कधी आजारपण दिसतं, आणि तरीही ओढ. १९९४ च्या एका चित्राचं नाव मराठीत सांगायचं तर 'तुझ्यावरचं प्रेम सांगायला मला किती हात लागतील?' प्रेम करायला देखणं किंवा तरुण असावं लागत नाही, हे त्यांच्याइतकं स्पष्टपणे रंगवणारा दुसरा चित्रकार मला माहीत नाही. (प्रश्न ५ मधल्या घड्याळजीकडे पुन्हा एकदा पाहा.)

१३. त्या काळी कलम ३७७ होतं. त्यांना कायद्याचा धोका नव्हता का?

होता, आयुष्यभर होता. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतलं. दिल्ली उच्च न्यायालयाचा पहिला मोठा निकाल २००९ चा, तो २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फिरवला, आणि प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून शेवटी बाहेर आले ते ६ सप्टेंबर २०१८ ला. खख्खर २००३ मध्येच गेले. ज्या सरकारनं १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली त्याच्याच कायद्यात त्यांचं प्रेम गुन्हा होतं. मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांसाठीचं नियतकालिक १९९० मध्ये निघालं. गच्चीतला नग्न माणूस त्याच्या नऊ वर्षं आधीचा आहे.

१४. मी स्वतः गे आहे, घरी माहीत नाही. खख्खरांनी आई गेल्यावर सांगितलं, म्हणजे मीही थांबावं का?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा आला आहे की तो इथे घेतल्यावाचून राहवलं नाही. एका चित्रकाराच्या आयुष्यातून नियम काढू नका. त्यांच्या वेळी कायदा विरोधात होता, बोलायला माणसं नव्हती, आणि त्यांनी ज्यांच्यावर प्रेम केलं त्यांची नावं आणि चेहरे त्यांना कितीतरी काळ आडून रंगवावे लागले. तुमच्या वेळी कायदा बदललेला आहे, जरी लग्नाला मान्यता अजून नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ती द्यायचं नाकारलं. घरी सांगणं सुरक्षित आहे का, राहायला जागा आणि हातात पैसे आहेत का, हे आधी पाहा. आईला आधी सांगायलाच हवं असं नाही. विश्वासाचं एक माणूस आधी शोधा. आणि चित्रं बघत राहा. एकटं वाटतं तेव्हा ती सोबत करतात, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे.

१५. मराठीत कुठला शब्द वापरावा?

'समलिंगी' किंवा 'गे'. दोन्ही चालतात. 'विकृत', 'तसला' हे शब्द वर्गात मी चालू देत नाही.

१६. शेवटची चित्रं इतकी भीषण का आहेत?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यांना प्रोस्टेट कर्करोग झाला. 'बुलेट शॉट इन द स्टमक' (२००१) सारख्या चित्रांत देह फाटलेला, जखमी आहे. ज्या देहावर त्यांनी इतकं प्रेम केलं तो आतून उघडा पडताना त्यांनी नजर वळवली नाही. ही चित्रं एका बैठकीत दोन-तीनच पाहावीत.

१७. ते लेखकही होते का?

हो, गुजरातीत. कथा आणि 'मौजीला मणिलाल' हे नाटक. माणसांचं बोलणं टिपण्यात त्यांचा कान पक्का होता.

१८. २०१६ मध्ये लंडनमध्ये त्यांच्यावर फार टीका झाली, ती योग्य होती का?

टेट मॉडर्नमध्ये त्या वर्षी त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. एका मोठ्या दैनिकाच्या समीक्षकानं त्यांना सामान्य, जुनाट चित्रकार ठरवलं आणि त्यावर बरीच खळबळ झाली. माझं मत: ज्याला ती पाटी, तो चहाचा पेला, ती देवाची तसबीर ओळखीची नाही त्याला अर्धं चित्र दिसलंच नाही. पण न आवडण्याचा हक्क सगळ्यांना आहे. रेखाटनाबद्दलच्या आक्षेपासाठी प्रश्न ६ पाहा.

१९. शाळेतल्या मुलांना ही चित्रं दाखवावी का?

सत्तरच्या दशकातली जरूर दाखवा. जिलबी खाणारा माणूस (१९७५) पाहून लहान मुलं लगेच बोलू लागतात. नंतरची नग्न चित्रं मोठ्या विद्यार्थ्यांसाठी ठेवा, आणि दाखवण्याआधी काय दिसणार आहे ते सांगा. चित्रकार कोणावर प्रेम करायचा हे मात्र लहानांपासून लपवू नका. दुसऱ्या कुठल्याही चित्रकाराची बायको, संसार आपण सहज सांगतोच.

२०. नग्न चित्र प्रदर्शनात लावलं तर अश्लीलतेचा गुन्हा होतो का?

नुसत्या नग्नतेनं होत नाही. सीमाशुल्क विभागानं गोव्यातल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं अश्लील म्हणून अडवून ठेवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि नग्न चित्र म्हणजे आपोआप अश्लील नव्हे हे स्पष्ट केलं. तरी सार्वजनिक जागी लावताना आयोजकांनी वकिलाचा सल्ला घ्यावा; तक्रार कुणीही करू शकतं.

२१. आमच्या दिवाळी अंकात त्यांचं चित्र छापायचं आहे. चालेल का?

परवानगीशिवाय मुखपृष्ठावर किंवा सजावटीसाठी नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे खख्खरांच्या बाबतीत २०६३ अखेरपर्यंत. एखाद्या चित्रावर समीक्षा लिहिताना ते चित्र दाखवण्याला कायद्यात जागा आहे, पण ती समीक्षेपुरतीच. ज्या संग्रहालयाकडे मूळ चित्र आहे त्याच्या छायाचित्राची परवानगी वेगळी लागू शकते.

२२. आमच्या घरी त्यांचं एक चित्र आहे. मुलीकडे अमेरिकेला पाठवता येईल का?

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि काही मोजक्या दिवंगत चित्रकारांची चित्रं कायमची देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय अशी ती नऊ नावं आहेत. खख्खर त्यांत नाहीत. तेव्हा पाठवता येईल, पण खरेदीची पावती आणि चित्र अस्सल असल्याचे कागद सोबत ठेवा. आणि गुंडाळण्याआधी चांगल्या उजेडात सगळ्या कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा. त्यांची बरीच गंमत कोपऱ्यांतच असते.